चालवणाऱ्या रोबोचा सेन्सर बिघडला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्धांगवायूनंतर किंवा मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पायांना बांधून चालण्याचा सराव करून घेणारं यंत्र म्हणजे एक्सोस्केलेटन. पेशंट त्याला 'रोबो' म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. हे पान रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या फिजिओथेरपिस्टसाठी, दवाखान्यातल्या तंत्रज्ञांसाठी आणि पेशंटच्या घरच्यांसाठी आहे. कंपनीचं मॅन्युअल आधी वाचायचं, हे नंतर. पण मॅन्युअल एसीच्या कोरड्या खोलीचा हिशोब धरून लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे जून लागला की भिंतींना घाम फुटतो. म्हणून थोडं वेगळं लिहावं लागतं.

यात सेन्सर असतात तरी कसले?

यंत्रागणिक फरक पडतो, पण जाती ठरलेल्या आहेत. खुबा आणि गुडघ्याच्या सांध्याशी एन्कोडर असतो, तो कोन सांगतो. मोटरच्या मागे आणखी एक एन्कोडर किंवा हॉल सेन्सर असतो, तो मोटर किती फिरली ते सांगतो. मांडी, पोटरी आणि पाठीच्या फ्रेममध्ये आयएमयू नावाची चिप असते. शरीर किती आणि किती वेगाने कललं ते तिच्याकडून कळतं. तळव्याखालच्या इन्सोलमधले दाबाचे सेन्सर पाय जमिनीवर आहे की हवेत ते सांगतात. काही यंत्रांत जोर मोजणारे लोड सेल असतात, तर थोड्यांत स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे, कातडीला चिकटवायचे ईएमजी इलेक्ट्रोड.

कोणता सेन्सर किती महत्त्वाचा, हे यंत्र कशाच्या भरवशावर पाऊल टाकतं त्यावर ठरतं. इस्रायलमध्ये तयार झालेलं रिवॉक (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची मान्यता २०१४ मध्ये) धड पुढे कललं की पाऊल उचलतं, म्हणजे त्याची मदार कल मोजणाऱ्या सेन्सरवर. जपानच्या सायबरडाइन कंपनीचं 'हाल' नावाचं यंत्र स्नायूंकडे जाणारे सूक्ष्म विद्युत संकेत कातडीवरून टिपतं. पहिल्यात ईएमजीचा प्रश्नच येत नाही, दुसऱ्यात तो रोजचा. त्यामुळे 'रोबोचा सेन्सर गेला' एवढंच फोनवर सांगितलं तर समोरच्याला काही कळत नाही.

सेन्सर 'गेला' म्हणजे नेमकं काय होतं?

वायर तुटली, आकडा येणंच बंद झालं, हा सगळ्यात सोपा प्रकार. यंत्राला लगेच कळतं, स्क्रीनवर लाल पट्टी येते, काम थांबतं. त्रास इतर प्रकारांचा आहे.

कधी आकडा एका जागी गोठतो. पाय हलतोय, पण सेन्सर मघाचाच कोन सांगत बसतो. कधी मधूनच एखादा आकडा उडतो. बहुतेक वेळा कनेक्टर सैल असतो आणि पाय ठरावीक कोनात गेला की वायर ताणली जाते. कधी आकडा हळूहळू सरकत जातो. जायरोमध्ये, म्हणजे आयएमयूतल्या फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागात, सेकंदाला ०.१ अंशाची चूक असली आणि ती कुणी सुधारली नाही, तर मिनिटाभरात ६ अंश होतात.

आणि मग सगळ्यात लबाड प्रकार: आकडा नीट हलतो, नीट थांबतो, फक्त सतत चार-पाच अंश पुढे किंवा मागे असतो. मासळीबाजारातला काटा मुळात शून्यावर नसला की प्रत्येक पापलेट तेवढंच जड भरतं, तसं. गुडघा सरळ झालेला असताना सेन्सर 'अजून १० अंश वाकलेला आहे' म्हणाला, तर यंत्र गुडघा आणखी सरळ करायला जोर लावेल. फ्रेममधला लोखंडी अटकाव तो जोर बराचसा अडवतो, म्हणून तर तो असतो. पण मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर वर्ष-दोन वर्षांत पायांची हाडं ठिसूळ झालेली असतात, आणि संवेदना नसल्यामुळे पेशंट 'दुखतंय' म्हणत नाही. अशा यंत्रांच्या धोक्यांमध्ये एफडीएने पडण्याबरोबर हाड मोडणंही नोंदवलं आहे. त्यामुळे मेलेल्या सेन्सरपेक्षा थोडंसं खोटं बोलणाऱ्या सेन्सरची मला जास्त धास्ती वाटते.

सेन्सर खोटं बोलतोय हे यंत्राला कळतं कसं?

एकाचं म्हणणं दुसऱ्याशी ताडून. गिअरचं प्रमाण १०० ला १ असेल तर मोटर १० फेरे, म्हणजे ३६०० अंश फिरल्यावर सांधा ३६ अंश हलला पाहिजे. मोटरचा एन्कोडर १० फेरे सांगतोय आणि सांध्याचा एन्कोडर ४१ अंश, तर ५ अंशांचा घोळ आहे. हा फरक यंत्र सेकंदाला शेकडो वेळा तपासत असतं.

पण दोघांत खोटं कोण, हे दोघांवरून ठरत नाही. तिथे तिसरा लागतो. मांडीवरच्या आणि पोटरीवरच्या आयएमयूंच्या कलांमधला फरक काढला की गुडघ्याचा कोन तिसऱ्या वाटेने मिळतो. तोही ३६ च्या आसपास असेल तर सांध्याचा एन्कोडर फितूर. त्याचं म्हणणं बाजूला ठेवून यंत्र उरलेल्या दोघांवर पुढचं पाऊल सांभाळू शकतं.

याशिवाय साध्या अकलेच्या तपासण्या असतात. माणूस सपाटीवर चालताना पाय हवेत असतो तेव्हा गुडघा जास्तीत जास्त ६० अंशांच्या आसपास वाकतो. सेन्सर १४० म्हणाला तर ऐकायचं नाही. चालत्या पायाचा आकडा शेवटच्या दशांशापर्यंत जसाच्या तसा राहिला तर तो गोठला आहे असं समजायचं, कारण खऱ्या सेन्सरचा आकडा बारीकसा थरथरतच असतो. दोन्ही पायांवर उभं असताना दोन्ही इन्सोल शून्य दाखवत असतील तर माणूस उडतोय किंवा इन्सोल मेलेत. प्रत्येक संदेशाला अनुक्रमांकही असतो. तोच क्रमांक परत आला किंवा मधला गळला तर वायरीत काहीतरी आहे.

मग विनाकारण अलार्म का वाजतो? मर्यादा वाढवून ठेवली तर?

गिअरमध्ये थोडी ढिलाई असते, फ्रेम वजनाखाली किंचित लवते, म्हणून एक-दोन अंशांचा फरक निरोगी यंत्रातही दिसतो. मर्यादा फार घट्ट ठेवली तर दर दहा पावलांनी यंत्र थांबतं, पेशंट वैतागतो, थेरपिस्ट त्याहून. फार सैल ठेवली तर खरा बिघाड सुटतो. चांगली यंत्रं नुसता फरक बघत नाहीत, तो किती वेळ टिकला तेही बघतात: क्षणभराचा झटका सोडून द्यायचा, टिकून राहिलेला फरक धरायचा.

हे गणित कंपनीने करायचं असतं. सर्व्हिस मेनूचा पासवर्ड कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणून आपण मर्यादा वाढवू नये. अलार्म वाढलेत याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की कनेक्टर, पट्टा किंवा कॅलिब्रेशन (सेन्सरचं शून्य जुळवणं) बघायची वेळ झाली.

बिघाड कळला की यंत्राने लगेच बंद पडायला हवं ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, इंजिनिअरिंगच्या पोरांकडूनही.

पंखा, मिक्सर, लेथ बंद केलं की धोका संपतो. इथे माणूस यंत्राच्या जिवावर उभा आहे. ज्या पायावर वजन आहे त्या पायाची मोटर सोडली तर गुडघा दुमडतो आणि पेशंट खाली बसतो, तोही कसाही. तेव्हा वजनाचा पाय जागच्या जागी धरून ठेवायचा. उलट, पाय हवेत असताना तो मध्येच लॉक केला तर अंगठा जमिनीला अडकतो आणि माणूस पुढे तोंडावर जातो. तिथे उरलेल्या सेन्सरांवर भरवसा ठेवून ते पाऊल सावकाश जमिनीवर टेकवायचं, दोन्ही पाय खाली आले की धरायचं आणि मग खुर्चीत बसवायचं. म्हणजे तोच बिघाड, तोच सेन्सर, पण योग्य उत्तर पावलाच्या कुठल्या टप्प्यात बिघाड झाला त्यावर अवलंबून. आणि पाऊल कुठल्या टप्प्यात आहे हे सांगणारा इन्सोलच बिघडलेला असेल तर? अशा वेळी दोन्ही पाय वजनावर आहेत असं धरून चालणारं यंत्र आणि गोंधळून मोकळं सोडणारं यंत्र, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकत घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच, किंमत नंतर.

लोकोमॅटसारख्या ट्रेडमिलवरच्या यंत्रात पेशंट वरून हार्नेसला टांगलेला असतो. तिथे पट्टा थांबवून मोटरी सोडल्या तरी तो पडत नाही. म्हणून तिथल्या सवयी जमिनीवर चालवणाऱ्या यंत्राला लावू नका.

तुमच्या यंत्राचं लाल बटण दाबल्यावर सांधे सैल पडतात की घट्ट होतात, हे आत्ता या क्षणी सांगता येतंय का? येत नसेल तर आज संध्याकाळी, पेशंट नसताना, फ्रेम स्टँडला लावून दाबून बघा. शिफ्टमधल्या प्रत्येकाला दाखवा.

झटका यंत्राने दिला की पेशंटच्या पायानेच?

स्पॅस्टिसिटी (स्नायू आपोआप आखडणं) असलेल्या पायात अचानक आकडी येते, यंत्र अडखळतं आणि सगळे यंत्राकडे संशयाने बघतात. ओळखायची खूण अशी: पायाने जोर केला तर मोटरचा करंट चढतो, पण मोटरचा आणि सांध्याचा एन्कोडर एकमेकांशी सहमत राहतात. सेन्सर बिघडला तर त्यांची फारकत होते. घोट्याला क्लोनस असेल तर सेकंदाला पाच ते आठ वेळा अशी ताल धरून थरथर इन्सोलच्या आलेखात दिसते. सैल कनेक्टरची थरथर अशी तालात नसते.

तिसरी शक्यता लोक विसरतात. सेन्सर बरोबर, पाय बरोबर, पण पट्टा सरकलेला. एन्कोडर फ्रेमचा कोन मोजतो, पायाचा नाही. घामाने पट्टा दोन बोटं खाली घसरला की यंत्राचा गुडघा आणि माणसाचा गुडघा वेगवेगळ्या जागी वाकतात, आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार. मालवणकडचे एक आजोबा, नारळावरून पडलेले, मला म्हणाले होते, "माझो पाय हललोच नाय, मशीन सांगता हललो." पोटरीचा पट्टा सोडून बघितला तर फ्रेम पुढे जात होती आणि पाय आत लोळत होता. एन्कोडर अगदी खरं बोलत होता.

पावसाळ्यात तक्रारी का वाढतात?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ असतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, कनेक्टरच्या पिनांवर पातळ खारट थर बसतो आणि एरवी जिथून वीज वाहायला नको तिथून किंचित वाहू लागते. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ते तांब्याचं गंजणं. चुंबकीय एन्कोडर ओल बराच सोसतो, पण काचेच्या चकतीवरचा ऑप्टिकल एन्कोडर दव धरला की चुकतो. एसीच्या खोलीतून यंत्र एकदम दमट व्हरांड्यात आणलं की हमखास दव धरतं. आधी बॅगेतच अर्धा-पाऊण तास राहू द्या.

इन्सोलमधले दाबाचे सेन्सर ओल आणि घाम दोन्हींनी बिघडतात, शिवाय सतत वजन राहिलं तरी त्यांचा आकडा सरकतो. पावसाळ्यात ते सगळ्यात आधी दगा देतात. कापसाचे मोजे घाला, सेशन संपल्यावर इन्सोल बाहेर काढून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा चुलीवर नको.

साठवायला दार नीट बंद होणारं कपाट, आत सिलिका जेल आणि शे-दोनशे रुपयांपासून मिळणारं आर्द्रता मोजायचं घड्याळ. सिलिका जेलचा रंग बदलला की ते बदला, नुसतं ठेवून देऊ नका. कपाटात बल्ब पेटता ठेवायची जुनी युक्ती चालते, पण आधी लिथियमची बॅटरी बाहेर काढा. पिना पुसायला कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. गंज सोडवायचं स्प्रे तेल सेन्सरच्या कनेक्टरवर मारू नका, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसून नवीनच दुखणं होतं.

ईएमजीचे संकेत कधी येतात, कधी येत नाहीत. इलेक्ट्रोड बदलायचे का?

आधी विचारा, सकाळी पायाला खोबरेल चोळलंय का. नव्वद टक्के घरांत, माझ्या अंदाजाने, चोळलेलं असतं. प्रेमाने चोळलेलं असतं, त्यामुळे रागावू नका. सेशनच्या दिवशी मालिश नंतर करा म्हणावं. कातडी साबणाने धुऊन, अल्कोहोलने पुसून, कोरडी करून इलेक्ट्रोड लावा.

तरीही आलेखात एकसारखी दाट गुणगुण दिसत असेल तर ती ५० हर्ट्झची, म्हणजे घरच्या विजेची. अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळात नीट लागत नाही आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रोध मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घालत जा. नुसता टेस्टर लावून 'आहे अर्थिंग' म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

आणि एक: मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या पेशंटच्या पायात ईएमजी आलंच नाही, तर तो सेन्सरचा बिघाड नाही.

सुरू करताना स्क्रीन 'हलू नका' का म्हणते?

पहिल्या काही सेकंदांत जायरो आपलं शून्य ठरवत असतो. तेवढ्यात पेशंट पाय सावरत असेल किंवा नातेवाईक पट्टा ओढत असतील, तर ती हालचालच शून्य धरली जाते आणि पुढचं पूर्ण सेशन तिरकं जातं. तसं वाटलं तर बंद करून पुन्हा सुरू करा. ज्या आयएमयूत होकायंत्राचाही भाग असतो, तो लोखंडी पॅरलल बार आणि गोदरेजच्या कपाटाजवळ दिशा चुकतो, म्हणून सुरुवात खोलीच्या मध्यावर करा.

लाइट गेली तर?

जमिनीवर चालवणारं यंत्र बॅटरीवर चालतं, ते चालूच राहतं. अंधारात चालवू नका, इतकंच. चार्जिंगला लावलेलं यंत्र पेशंटला बांधू नका. ट्रेडमिलवाल्या यंत्राला मात्र यूपीएस हवाच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. एवढ्या काळात लिथियमची बॅटरी रिकामी राहिली तर ती कायमची जाऊ शकते. जून लागण्याआधी तिला अर्ध्याच्या वर चार्ज ठेवायची सवय लावा.

रोज काय तपासायचं?

पहिल्या पेशंटआधी दहा मिनिटं द्या. फ्रेम स्टँडवर सरळ उभी करून गुडघ्याचा आकडा शून्याजवळ आहे का बघा, मग हाताने ती वाकवून गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावा आणि स्क्रीनशी ताडा. टेबलावरचा साधा प्लास्टिकचा गोनिओमीटर हे या खोलीतलं सगळ्यात प्रामाणिक उपकरण आहे, त्याला ना बॅटरी ना सॉफ्टवेअर. इन्सोल हवेत शून्य, आणि निरोगी माणसाने पाय ठेवला की वाढतो का? वायरी बोटांनी हलवत आलेख बघा. आकडा उडाला तर तीच वायर. आकडे वहीत लिहा. आजचा आकडा चांगला वाटेल, पण महिनाभराची पानं उलटल्यावर तो एकाच दिशेला सरकत चाललाय हे दिसतं.

एक सेन्सर बंद करून बाकीच्यांवर चालवता येईल का? पेशंट लांबून आलाय.

चालतं पाऊल पूर्ण करून बसवण्यापुरतं यंत्र ते स्वतः करतं, तेवढंच. तीन सेन्सरांपैकी एक गेल्यावर उरलेल्या दोघांत वाद झाला तर निवाडा करणारा कुणी नसतो, म्हणून त्या अवस्थेत नवीन सेशन सुरू करायचं नाही. पेशंट देवगडहून एसटीने आलाय, त्याचा दिवस फुकट जाऊ नये हे खरंच; त्याला पॅरलल बारमध्ये उभं राहण्याचा, तोल सांभाळण्याचा व्यायाम द्या. रोबो येण्याआधीही फिजिओथेरपी होतीच.

घरच्यांनी काय बघायचं?

स्क्रीन नको, माणूस बघा. दोन पावलांचा आवाज वेगळा येतोय, एक पाय जास्त आपटतोय, धड एका बाजूला झुकतंय, तर लगेच बोला. तुम्ही त्यांना उभ्या आयुष्यात चालताना पाहिलेलं आहे. सेशननंतर पट्ट्यांखालची कातडी बघा. अर्ध्या तासानेही लाली गेली नाही तर सांगा. संवेदना नसलेल्या पायाला अचानक सूज आली किंवा तो गरम लागला, तर मालिश करू नका, शेकू नका, डॉक्टरांना दाखवा. हाड मोडलेलं असू शकतं.

यंत्राला पुराचं पाणी लागलं. वाळवून चालू करू का?

नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पाण्यात गाळ, मैला, डिझेल सगळं होतं. वाळल्यावर ते आतच राहतं. बॅटरीला तर हातही लावू नका, कंपनीला कळवा. आणि यंत्र तळमजल्यावर असेल तर वर नेण्याची तजवीज मे महिन्यातच करा.

इंजिनिअर मुंबईहून येणार, दोन-तीन दिवस लागतील. तोवर?

यंत्रावर 'वापरू नये' असा मोठा कागद चिकटवा, नाहीतर दुसऱ्या शिफ्टमध्ये कुणीतरी चालू करणारच. मग नोंद करा: कोणता कोड आला, डावा की उजवा पाय, पाय हवेत होता की जमिनीवर, किती वेळ चालून झालं होतं, पाऊस होता का, लाइट येत-जात होती का, आदल्या दिवशी काय बदललं होतं. पेशंटची परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढा, चेहरा न येता. लॉग फाइल उतरवून घ्या, काही यंत्रांत जुन्या नोंदींवर नव्या चढतात. इंजिनिअरला निघायच्या आधी एवढं मिळालं तर तो योग्य सुटा भाग घेऊनच निघतो. नाहीतर नुसता बघून परत जातो आणि पुन्हा आठवडा जातो.

पेशंटला इजा झाली किंवा थोडक्यात वाचला, तर नुसतं कंपनीला सांगून थांबू नका. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम देशात २०१५ पासून आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. डॉक्टर, फिजिओ, बायोमेडिकल इंजिनिअर तिथे अर्ज भरून कळवू शकतात. तो अर्ज म्हणजे कुणावर खटला नव्हे.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्हाला हेच करायचंय. सुरुवात कुठून?

एक सांधा, एक मोटर, दोन एन्कोडर, एक आयएमयू. माणसाच्या पायाऐवजी लाकडी फळी, तिला वाळूची पिशवी. आधी सगळं नीट चालवा आणि आकडे साठवा. मग मुद्दाम बिघाड घाला: वायर उपटा, आकडा गोठवा, ५ अंश मिळवा, दर सेकंदाला थोडं थोडं वाढवत न्या. प्रत्येक वेळी कळायला किती मिलिसेकंद लागले आणि तेवढ्यात फळी किती अंश भलतीकडे गेली, ते लिहा. कॅलमन फिल्टर, म्हणजे अनेक सेन्सरांचे आकडे एकत्र करून अंदाज बांधणारं गणित, नंतर. साध्या वजाबाकीने किती पकडता येतं ते आधी बघा, बरंच पकडता येतं. स्वतःचा पाय त्यात बांधायचा मोह पहिल्या आठवड्यातच होईल. सरांना न सांगता बांधू नका, आणि सर 'हो' म्हणाले तरी लोखंडी अटकाव बसवल्याशिवाय बांधू नका.